दरवेळी अकराच! युनिक्स आणि मुक्या प्रिंटरची गोष्ट

आजची गोष्ट 2003 सालची. तेव्हा मी एका कॉलेजच्या संगणक विभागात नवाच लागलो होतो. सकाळचे आठ वाजले होते, अकराला पेपर, आणि सहाशे हॉलतिकिटं छापायची बाकी. युनिक्स सर्व्हरवरून नेटवर्कवरच्या लेझर प्रिंटरला कामं सोडली. सुरुवातीला कागद भराभर बाहेर आले आणि मग सगळं ठप्प.

मी प्रिंटर बंद-चालू केला. केबल बदलली. पिंग केलं, उत्तर येत होतं. रांग पाहिली, कामं निमूट उभी होती. चार मिनिटांनी प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि पुन्हा थांबला. माझा घसा कोरडा पडला. कागद गोळा करणारे शिपाईमामा शांतपणे म्हणाले, "साहेब, दरवेळी अकराच येतायत बघा."

अकरा! मामांच्या या एका वाक्याने प्रश्न सुटला. पण हा आकडा आला कुठून, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

युनिक्सचं आणि कागदाचं नातं जन्मापासूनचं. 1971 च्या सुमारास बेल लॅब्जमधल्या मंडळींना पीडीपी-11 हे नवं मशीन मिळालं, ते कंपनीच्या पेटंट विभागासाठी मजकूर तयार करणारी व्यवस्था देऊ, या बोलीवर. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात युनिक्सची बीएसडी ही शाखा वाढली. 1983 च्या 4.2 बीएसडीमध्ये टीसीपी/आयपी आलं आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनच्या प्रिंटरला काम पाठवायची सोयही. एलपीआर ही कमांड काम रांगेत टाकते आणि एलपीडी हा मागे बसलेला प्रोग्राम ते पुढे नेतो.

ही पद्धत इतकी पसरली की 1990 मध्ये आरएफसी 1179 नावाच्या कागदात ती लिहून ठेवली गेली. त्यात स्पष्ट म्हटलंय की ही फक्त माहिती आहे, प्रमाण नियम नव्हे. पण त्यात एक ओळ अशी आहे: काम पाठवणाऱ्याने आपल्या बाजूचा पोर्ट 721 ते 731 यांतलाच वापरावा. मोजा बरं. बरोब्बर अकरा!

असं का? तर युनिक्सवर 1024 च्या खालचा पोर्ट फक्त रूटलाच उघडता येतो. म्हणजे तिथून आलेलं काम 'जबाबदार माणसाचं', असा भाबडा विश्वास. मोजकी मशीनं आणि ओळखीची माणसं होती, तोवर तो चालून गेला.

आता गंमत बघा. टीसीपीचं कनेक्शन बंद झालं तरी पोर्ट लगेच मोकळा होत नाही. वाटेत उशीर झालेलं एखादं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून तो काही काळ अडवून ठेवतात, मूळ हिशेबाप्रमाणे चार मिनिटं. आमचा प्रोग्राम प्रत्येक हॉलतिकीट वेगळं काम म्हणून पाठवत होता. अकरा कामं, अकरा पोर्ट, मग चार मिनिटं उपास! या चालीने सहाशे तिकिटांना पावणेचार तास लागले असते.

उपाय अगदी साधा निघाला. सगळी तिकिटं एकाच फाइलमध्ये जोडली आणि एकच काम पाठवलं. साडेदहाला शेवटचा कागद हातात आला.

पण मला डाचत राहिलं ते वेगळंच. मशीनने काही सांगितलं का नाही? एलपीडीमध्ये काम पोचलं की शून्याचा एक बाइट परत येतो. 'मिळालं', बस्स. पुढे कागद अडकला की शाई संपली, हे सांगायची ठरलेली भाषाच नाही.

या मुकेपणावर चिडलेला एक माणूस प्रसिद्ध आहे, रिचर्ड स्टॉलमन. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्याने केली होती. 1980 च्या सुमारास झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर दिला, पण त्याचा सोर्स कोड दिला नाही. मग निरोपाची सोय जोडणार कशी? कार्नेगी मेलनमधल्या एकाकडे तो कोड होता, पण गुप्ततेच्या कराराचं कारण देऊन त्याने नकार दिला. 27 सप्टेंबर 1983 ला स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांमध्ये तो या प्रिंटरचा किस्सा आवर्जून सांगतो.

प्रिंटरला खरी वाचा फुटली 1999 मध्ये. आयपीपी हा नवा प्रोटोकॉल आला, त्याचा पोर्ट 631. त्याच वर्षी मायकल स्वीट यांचं कप्स आलं. आता 'कागद अडकला', 'कागद संपला' यांना ठरलेले शब्द मिळाले. 2002 मध्ये अ‍ॅपलने मॅकमध्ये कप्स घेतलं, 2010 मध्ये आयफोनवर एअरप्रिंट आलं. अँड्रॉइडवरून छापतानाही बहुतेक वेळा आयपीपीच धावत असतो.

तेव्हा फोनवर 'कागद संपला' असं दिसलं तर वैतागू नका. ते एक वाक्य ऐकायला लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. आणि प्रिंटर गप्पच बसला, तर रीस्टार्ट करण्याआधी बाहेर आलेले कागद मोजा. मी मोजले नव्हते, मामांनी मोजले.

भेटू पुढच्या भागात!