हिमालयाचा बर्फ आणि दख्खनचा पाऊस

भोपाळकडे दरवर्षी पौष-माघात एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. आकाशवाणीवर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात मोठी बर्फवृष्टी झाल्याची बातमी येते आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत इकडे उत्तरेचा वारा सुटतो. चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, सकाळच्या शाळांच्या वेळा पुढे ढकलाव्या लागतात आणि आजीबाई ट्रंकेतली जाड गोधडी बाहेर काढतात. भोपाळात बर्फ पडत नाही, पण बर्फ पडल्याची वर्दी मात्र अंगाला बसते. हिंदी बातम्यांत ज्याला ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, ती हवेच्या कमी दाबाची क्षेत्रे भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानवरून हिमालयापर्यंत येतात. डोंगरावर त्यांचा बर्फ होतो. त्यांची शेपटी माळव्यावरून फिरली तर इथे चार सरी पडतात. त्यांना इकडे मावठा म्हणतात. सीहोर-विदिशाच्या गव्हाला मावठा म्हणजे फुकटचे पाणी. आकाश मोकळे झाले, की मग गार वारा येतो आणि एखाद्या रात्री हरभऱ्यावर दहिवर गोठून पीक करपते.

हे हिवाळ्यातले नाते सर्वांच्या परिचयाचे आहे. हिमालयाच्या बर्फाचे दुसरे एक नाते आपल्या पावसाळ्याशी आहे, आणि ते मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. डोंगरावर वसंत ऋतूत बर्फ फार पडला आणि उशिरापर्यंत टिकला, तर पुढच्या मृगात दख्खनच्या शेतकऱ्याला आभाळाकडे बघत बसावे लागेल काय, हा प्रश्न एका माणसाने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी विचारला. त्याच्या उत्तरावर सरकारी कारभार चालू लागला, फसला, पुन्हा उभा राहिला. त्या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

पाऊस आधी ओळखण्याची धडपड आपल्याकडे जुनीच. मराठी मुलखात सहदेव-भाडळीच्या वचनांवर पेरण्या ठरत, हिंदी मुलखात घाघ आणि भड्डरी यांच्यावर. सीमेवरच्या गावांत दोन्ही चालत. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी अक्षय्यतृतीयेला आजही होते आणि तिचे भाकीत ऐकायला बऱ्हाणपूरकडचेही शेतकरी जातात. पंचांगात नक्षत्रांची वाहने असतात. हे सारे वारा, ढग, पक्षी, मुंग्या, नक्षत्रे यांच्याकडे बघून चालते. हजार कोसांवरच्या पर्वतावरचा बर्फ मोजून सोलापूरचा पाऊस सांगावा, ही कल्पना यांपैकी कोणाला सुचली नाही, यात नवल नाही. त्यासाठी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची पत्रे एका टेबलावर यावी लागतात.

ते टेबल कलकत्त्याला १८७५ साली मांडले गेले. भारतीय हवामान खात्याची ती स्थापना. १८६४चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ सालची अवर्षणे यांनी सरकारला जाग आली होती. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. तरुणपणी ओरिसात तालचेरच्या कोळशाच्या पट्ट्यात काम केलेले, पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे. खाते सुरू होऊन वर्ष उलटते न उलटते तोच त्यांच्यासमोर मोठा दुष्काळ उभा राहिला.

१८७६ साली दख्खनचा पाऊस गेला. १८७७ साली दक्षिणेबरोबर उत्तरेनेही दगा दिला. सोलापूर, कलादगी म्हणजे नंतरचा विजापूर जिल्हा, धारवाड, पलीकडे म्हैसूर आणि मद्रास इलाखा, असा सलग मुलूख होरपळला. आज ज्याला आपण सीमाभाग म्हणतो, त्या पट्ट्यात तेव्हा मराठी आणि कानडी माणसे एकाच खडी फोडण्याच्या कामावर, एकाच तुटपुंज्या मजुरीवर उभी होती. पुण्याची सार्वजनिक सभा दुष्काळी भागाची माहिती गोळा करून सरकारला निवेदने धाडत होती. जोतीराव फुले यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उघडला. हीच उपासमार डोळ्यांनी पाहून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली बंड उभारले. एवढे आपण शाळेच्या पुस्तकांतून शिकवतो. त्याच दुष्काळातून पावसाचे शास्त्रीय भाकीत जन्माला आले, ही गोष्ट मात्र पुस्तकांत सहसा नसते. पाऊस जाणार हे आधी कळेल का, अशी विचारणा सरकारने ब्लॅनफर्ड यांच्याकडे केली.

ब्लॅनफर्ड यांनी जुन्या नोंदी उलगडल्या. १८७७च्या वसंतात वायव्य हिमालयात नेहमीपेक्षा खूप बर्फ पडला होता आणि तो उशिरापर्यंत पडत राहिला होता. त्या वर्षी वायव्येकडून कोरडे वारे वाहत राहिले आणि पाऊस रखडला. आणखी वर्षे तपासली, तर तसाच मेळ दिसू लागला. कारणही पटण्यासारखे होते. बर्फाचा पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. जे ऊन आत शिरते, त्याचा बराच भाग बर्फ वितळवण्यात खर्च होतो. त्यामुळे जमीन तापायला उशीर लागतो. जमीन तापली नाही तर तिच्यावरची हवा हलकी होत नाही आणि समुद्रावरच्या बाष्पाने भरलेल्या वाऱ्याला आत ओढून घेणारे बळ कमी पडते. चुलीला जाळ नसला तर धुराड्याला ओढ नसते, तसेच. १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हा विचार निबंधरूपाने मांडला. १८८२ ते १८८५ या काळात त्यांनी प्रयोगादाखल भाकिते केली, ती बऱ्यापैकी जुळली, आणि ४ जून १८८६ रोजी हिंदुस्थान व ब्रह्मदेशासाठी पावसाळ्याचे पहिले रीतसर सरकारी भाकीत निघाले. त्याचा मुख्य आधार हिमालयाचा बर्फ हाच होता.

हा बर्फ मोजायचा कसा, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. तेव्हा उपग्रह नव्हते. डोंगराळ जिल्ह्यांतले अधिकारी, खिंडींच्या वाटेवरची ठाणी आणि थोड्याशा वेधशाळा यांच्याकडून पत्रे येत: अमुक खिंड अजून बंद आहे, तमुक उतारावर गेल्या सालापेक्षा जास्त बर्फ दिसतो. या कच्च्या खबरींवर तीस कोटींच्या अन्नाचा अंदाज बांधला जाई. तरीही ज्यांनी ही पत्रे लिहिली आणि ज्यांनी ती जुळवून तक्ते केले, त्यांच्या चिकाटीला दाद द्यावीशी वाटते.

ब्लॅनफर्डनंतर १८८९ साली जॉन एलियट आले. त्यांनी बर्फाच्या जोडीला मॉरिशस, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण हिंदी महासागराकडच्या नोंदी घेतल्या. भाकिते लांबलचक झाली. आणि मग १८९९ साल उजाडले. त्या वर्षी पाऊस सरासरीहून चांगला होईल, असा एलियट यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात देशभरचा पाऊस सरासरीच्या पाव हिश्शाहून अधिक घटला. विक्रम संवत १९५६ चालू होते, म्हणून राजस्थान-गुजरातेत या दुष्काळाला ‘छप्पनिया’ हेच नाव पडले. वऱ्हाड, मध्यप्रांत, माळवा, कोणीच सुटले नाही. भोपाळ संस्थानावर काय गुजरले, ते पुढच्या शिरगणतीने सांगितले. १९०१ साली संस्थानाची लोकसंख्या ६,६५,९६१ भरली. दहा वर्षांत सुमारे तीन दशांश घट! काही मेले, काही मुलूख सोडून गेले. बेगमांच्या या संस्थानाचा इतिहास आपण मशिदी, महाल आणि तलाव यांच्यावरून सांगतो. शिरगणतीतला हा आकडा कोणत्याही पर्यटकाला दाखवला जात नाही.

सगळे खापर एलियट यांच्या माथी फोडून मोकळे होणे बरोबर नाही. भाकीत बरोबर आले असते तरी धान्याचे भाव, सारावसुली आणि रोगराई यांनी माणसे मारलीच असती. पण चांगल्या पावसाचे सरकारी वचन हाती असताना दुष्काळाची तयारी कोण करणार? वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरले. पुढे काही वर्षे भाकिते जाहीर न करता फक्त सरकारपुरती ठेवण्यात आली. म्हणजे ज्याला पेरायचे, त्यालाच अंदाज कळू द्यायचा नाही. चूक लपवण्याची ही रीत आजही आपल्या कचेऱ्यांतून गेलेली नाही.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले ते केंब्रिजचे गणिती म्हणून. हवामानशास्त्राचा त्यांचा अभ्यास नव्हता आणि हेच कदाचित उपकारक ठरले. ‘असे वाटते’ या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. जगभरच्या नोंदी मागवून, हिंदी गणकांकडून हाताने आकडेमोड करवून, कोणत्या गोष्टीचा आपल्या पावसाशी खरोखर मेळ आहे हे त्यांनी संख्येने काढले. १९०९च्या त्यांच्या सूत्रात चार घटक होते: मेअखेर हिमालयात साठलेला बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेचा वायुदाब आणि झांजिबारचा पाऊस. बर्फाला चिन्ह उणे होते. ब्लॅनफर्ड यांचे म्हणणे गणितात टिकले, पण आता तो चारांतला एक झाला. ही आकडेमोड करतानाच वॉकर यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला वायुदाबाचा झोका सापडला. एका बाजूला दाब चढला की दुसरीकडे उतरतो, असा तो प्रकार. त्याचे एल निनोशी असलेले नाते उलगडायला मात्र १९६० नंतरचा काळ यावा लागला. आज शास्त्रज्ञ १८७७च्या अवर्षणाचा दोष मुख्यतः प्रशांत महासागराच्या त्या एल निनोला देतात. ज्या वर्षावरून बर्फाची उपपत्ती सुचली, त्या वर्षी खरा गुन्हेगार दुसराच असावा!

वॉकर यांच्या काळात खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्याला हलले. पुण्यात शिवाजीनगरच्या ज्या चौकाला आणि बसथांब्याला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते नाव तेव्हाचे. सुट्टीत पुण्याला नातेवाइकांकडे गेलेली आपल्याकडची मुले हमखास विचारतात, पुण्यात सिमला कसे? तर ते असे. बर्फाच्या गावाहून आलेली ही कचेरी घड्याळाच्या मनोऱ्यासह दख्खनच्या उन्हात उभी राहिली. कचेरी हलली की माणसे, भाषा आणि नावे तिच्याबरोबर हलतात, हे भोपाळच्या मराठी घरांना सांगायला नको. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी सुटली आणि फायलींच्या पेट्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे भोपाळला येऊन पडली. १९४४ साली हवामान खात्याचे मुख्यालय पुण्याहून दिल्लीला गेले. पण पावसाच्या दीर्घ अंदाजाचे काम पुण्यातच राहिले.

मधल्या काळात बर्फाची गणितातली पत घसरली. जुना मेळ बसेना, म्हणून तो घटक सूत्रातून काढून टाकण्यात आला. पुन्हा मान मिळाला तो उपग्रहांमुळे. १९७६ साली हान आणि जगदीश शुक्ल यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले, की हिवाळ्यात युरोप-आशिया खंडावर बर्फ जास्त असला तर पुढचा भारतीय पावसाळा कमजोर असण्याकडे कल दिसतो. शुक्ल हे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले आणि पुण्याच्या संस्थेत काम केलेले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९८८ साली, डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप आले. त्यात हिमालयाचा जानेवारी ते मार्चमधला बर्फ होता आणि युरोप-आशियाचा डिसेंबरमधला बर्फही होता. अग्निबाणांच्या इंधनावर काम केलेला मराठी शास्त्रज्ञ पावसाकडे वळला, याचे त्या वेळी आपल्या घरांत मोठे कौतुक होते. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा पुणेरी विनोद काही वर्षे बंद पडल्यासारखा झाला होता.

पण २००२ साली अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा आणि पाऊस पडला ८१ टक्के. जुलै कोरडा गेला. पुढच्या वर्षी खात्याने ते प्रारूप बाजूला ठेवून नवी आणली. मला वाटते, त्याआधीची सारी वर्षे देशात सर्वसाधारण पावसाचीच होती; पेपर सोपा निघाला, की कोणत्या विद्यार्थ्याला खरोखर येते हे कळत नाही. गोवारीकरांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. सोळा ठिकाणच्या खुणा एकत्र वाचून दाखवण्याचे धाडस त्यांनी केले.

आता संगणकावर समुद्र आणि वातावरण यांची गणिते एकत्र चालतात. डोंगरावरही सारे पूर्वीसारखे राहिलेले नाही. हिमनद्या मागे हटत आहेत, बर्फ लवकर वितळतो, आणि ब्लॅनफर्ड यांनी पाहिलेले नाते तितके सरळ मानले जात नाही. तरी खात्याच्या एप्रिलच्या पत्रकात एल निनो आणि हिंदी महासागर यांच्यामागून बर्फाचा एक परिच्छेद येतो. २०२४ सालच्या पत्रकात उत्तर गोलार्धातला जानेवारी ते मार्चचा बर्फ सरासरीहून कमी असल्याचे लिहिले होते, आणि अंदाज होता १०६ टक्क्यांचा. पाऊस १०८ टक्के पडला. वर्तमानपत्रांत बहुधा टक्केवारीच तेवढी छापून येते. बर्फाचा परिच्छेद जागेअभावी गळतो.