झाडीपट्टीतला तिबेट

दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की इंदूर-नागपूरसारख्या शहरांत लोकरी कपड्यांची तिबेटी दुकाने लागतात. कुणी त्याला तिबेटी बाजार म्हणतात, कुणी ल्हासा मार्केट. आपण स्वेटर हाताळतो, भाव करतो, मुलांसाठी एखादी कानटोपी घेतो आणि ही माणसे हिमालयातून आली असतील असे मनात धरून घरी परततो. प्रत्यक्षात त्यातला एखादा दुकानदार विदर्भातल्या खेड्यात जन्मलेला आणि चांगले मराठी बोलणारा असू शकतो. त्याचे गाव भाताच्या शेतांत वसलेले आहे. नोर्ग्येलिंग हे त्याचे नाव. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ ही तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रातील शेतीवर उभ्या राहिलेल्या या वसाहतीची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

तो मुलूख आपल्याला तसा परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला निमाड आणि त्यांचा भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते आणि नागपूर ही दोघांची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेत भंडारा तिकडे गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. आजही तिबेटी मंडळी आपल्या वसाहतीला सवयीने ‘भंडारा’ म्हणतात.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि महिनाअखेरीस ते भारतात पोहोचले. त्यांच्या मागोमाग हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. सुरुवातीची काही वर्षे त्यांतल्या अनेकांनी डोंगराळ भागात रस्ते बांधण्याची मजुरी केली. मग केंद्र सरकारने राज्यांकडे जमिनीसाठी शब्द टाकला. सर्वांत आधी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे जागा दिली. आपल्या मध्य प्रदेशानेही सरगुजा जिल्ह्यातल्या मैनपाटच्या पठारावर वसाहत वसवली. ते पठार आज छत्तीसगडात आहे. १९६६ मध्ये हुबळीजवळ मुंडगोडची वसाहत उभी राहिली आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रात नोर्ग्येलिंग. नावातला ‘लिंग’ हा तिबेटी शब्द आहे. त्याचा अर्थ स्थान किंवा द्वीप. मैनपाटच्या ‘फेंदेलिंग’ आणि मुंडगोडच्या ‘डोएगुलिंग’ या नावांतही तोच शब्द आहे.

जागा मिळाली, पण ती कशी होती? तिबेटचे पठार सरासरी चार हजार मीटरहून अधिक उंचीवरचे, कोरडे आणि थंड. तिथे जव पिकतो, याक पाळतात. इकडे पूर्व विदर्भातली झाडीपट्टी: साग, बांबू, मोह आणि तेंदूचे रान, धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. त्या काळात भारतातल्या तिबेटी वसाहतींत क्षयरोगाने आणि उष्ण हवेच्या आजारांनी पुष्कळ माणसे दगावली. ज्यांनी जन्मात चिखलणी पाहिली नव्हती त्यांना गुडघाभर चिखलात भाताची रोवणी शिकावी लागली. ती शिकायला शेजारी चांगले मिळाले. हा मुलूख तलावांचा आहे. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी इथे तलाव खोदले. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. गोठणगावच्या जवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. गोंड, कोहळी, कुणबी, ढिवर अशा समाजांच्या या जुन्या वस्तीत, पाणी राखणाऱ्या लोकांच्या सोबतीने, पठारावरची माणसे धान पिकवू लागली.

मात्र पावसाच्या एका पिकावर घर चालत नाही. म्हणून वसाहतीच्या वर्षाचे दोन भाग पडले. पावसाळ्यात शेती, आणि धान निघाले की लोकरीचा व्यापार. लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल घ्यायचा, बहुधा उधारीवर, आणि दोन-तीन महिने परक्या शहरात दुकान मांडायचे. त्या दिवसांत वसाहतीत म्हातारी माणसे आणि मुले तेवढी उरतात. थंडी लांबली तर कर्ज फिटते. ती लवकर ओसरली तर उरलेला माल अंगावर पडतो. आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा समोरच्या माणसाच्या मनात हा हिशेब चाललेला असतो.

व्यापारी परत येतात ते लोसारच्या सुमारास. लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष. तेही आपल्यासारखेच चांद्र पंचांगाने येते, त्यामुळे बहुतेक वर्षी ते महाशिवरात्रीच्या पाठोपाठ पडते. २०२३ मध्ये महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि लोसार २१ला. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आणि लोसार २८ला. याच परिसरात प्रतापगड नावाची टेकडी आहे. साताऱ्याचा प्रतापगड वेगळा. या टेकडीवर महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते आणि तिथेच एक दर्गाही आहे. म्हणजे माघ सरताना एकाच पंचक्रोशीत शंकराची जत्रा, दर्ग्याचे दर्शन आणि गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, नववर्षाची प्रार्थना एकमेकांच्या मागेपुढे होते. लोसारच्या मांडणीत भाजलेल्या जवाचे पीठ, ‘त्साम्पा’, असते. आपल्या सातूच्या पिठाचा हा सख्खा भाऊच.

गणेशोत्सवाच्या निमित्ताने आणखी एक नाते सांगायला हवे. तिबेटी बौद्ध परंपरेत गणपती आहे. ‘त्सोगदाग’ म्हणजे समूहाचा स्वामी, अर्थात गणांचा पती. बारा हातांचा, लाल रंगाचा, नृत्य करणारा गणपती तिबेटी चित्रपटांवर जागोजागी दिसतो. भारतीय आचार्यांबरोबर त्याची उपासना अकराव्या शतकात तिकडे गेली असे ती परंपरा सांगते.

इतके जवळचे असूनही ही माणसे कायद्याच्या दृष्टीने दीर्घकाळ पाहुणीच राहिली. वसाहतींची जमीन त्यांच्या मालकीची नाही, सरकारने वापरायला दिलेली आहे. ज्यांनी नागरिकत्व घेतले नाही त्यांना परदेशी म्हणून नोंदणीचा दाखला जवळ बाळगावा लागतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक ठरतात, हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणले आणि वसाहतींच्या जमिनींचे भाडेपट्टे वीस वर्षांसाठी करावेत असे राज्यांना सुचवले. तरीही घराघरांत एक प्रश्न असतोच: भारतीय पासपोर्ट घ्यावा, की निर्वासिताचा दाखला हीच तिबेटची आठवण म्हणून जपावी? एकाच घरात बाप एक उत्तर देतो आणि मुलगी दुसरे.

आज देशभरातल्या तिबेटी वसाहतींपुढची खरी चिंता वेगळीच आहे. तरुण मुले दिल्ली-बंगळुरूला जातात, तिथून युरोप-अमेरिकेला. शाळांतली पटसंख्या घटते. शेत कसायला माणूस मिळत नाही. जमीन, मठ, सहकारी संस्था सारे शाबूत आहे, पण लोसारला घरी येणारी माणसे कमी होत आहेत.

हे वाचताना आपल्याला आपलेच काही आठवेल. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये असीरगड आणि बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. असीरगडाच्या वाटेवरच्या या निंबोला परिसरात मराठी घरे रुजली त्याला अनेक पिढ्या झाल्या. आपल्याला कुणी हाकलले नव्हते. आपली जमीन आपल्या नावावर आहे, आपला देश आपल्या पायाखाली आहे. त्यांच्या दुःखाशी आपली तुलना होऊ शकत नाही. पण मुलांशी घरात कोणत्या भाषेत बोलायचे, शाळेची भाषा वेगळी असताना आजीची भाषा कशी टिकवायची, बाहेरगावी गेलेला मुलगा सणाला येईल का, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. नोर्ग्येलिंगच्या लोकांनी शेजाऱ्यांची मराठी आपलीशी केली आणि घरातली तिबेटीही सोडली नाही. आपणही बाहेर हिंदी आणि घरात मराठी असेच जगत आलो आहोत.

या हिवाळ्यात लोकरीच्या दुकानात गेलात तर भाव करण्याआधी दुकानदाराला त्याचे गाव विचारून पाहा. उत्तर ‘भंडारा’ असे आले, तर पुढचे बोलणे मराठीत करा.