दिपणे : मिठबावच्या किनारी रस्त्यावरचे

डोळ्यांना पेलवणार नाही एवढा उजेड एकाएकी समोर आला की काही क्षण काहीच दिसेनासे होते. याला डोळे दिपणे म्हणतात. मराठीत हा शब्द कौतुकाचाही आहे. दागिन्यांनी डोळे दिपतात, श्रीमंतीने दिपतात. रात्रीच्या रस्त्यावर कौतुकाचा प्रश्नच येत नाही. तिथे मालवणी चालक एवढेच म्हणतो, ‘लायट डोळ्यांत मारता.’ या नोंदीत विचार केला आहे तो समोरच्या वाहनाच्या दिव्याने चालकाचे डोळे दिपण्याचा, आणि तोही सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील मिठबाव या गावाच्या आसपासच्या रस्त्यांपुरता. दिवा सगळीकडे सारखाच असतो. रस्ता, चढ, हवा आणि गाडीतले ओझे हे मात्र त्या त्या ठिकाणचे असते.

मिठबाव अरबी समुद्राला लागून आहे. उत्तरेला कुणकेश्वर, दक्षिणेला मालवण तालुक्यातले आचरे, शेजारी तांबळडेगची पुळण आणि समुद्राकाठी गजबादेवीचे देऊळ. देवगडहून मालवणकडे जाणारा किनारी रस्ता या टापूतून जातो. तो सरळ कुठेच नाही. जांभ्याच्या उघड्या सड्यावर चढायचे, लगेच खाली वाडीत उतरायचे, व्हाळावरचा पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचे, असा त्याचा क्रम. वाडीत दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे आणि वर माडा-आंब्यांची सावली असल्यामुळे चांदण्या रात्रीही खालचा रस्ता काळाच राहतो. मुंबई–गोवा महामार्ग जिथे चौपदरी झाला तिथे दोन दिशांची वाहतूक दुभाजकाने वेगळी झाली आणि त्यातल्या झुडपांनी समोरच्या दिव्यांनाही आडोसा केला. किनारी रस्त्यावर असा आडोसा नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी हातभर अंतरावरून जाते.

हातभर अंतराचा त्रास डोळ्याच्या रचनेत आहे. प्रखर उजेड डोळ्यात शिरला की तो बुबुळामागच्या भिंगात आणि डोळ्यातल्या इतर पारदर्शक भागांत थोडा विखुरतो व दृष्टिपटलावर धुक्यासारखा पसरतो. मागची फिकट चित्रे त्या धुक्यात बुडतात. दिवा नजरेच्या रेषेजवळ जितका सरकेल तितके हे धुके दाट होत जाते. कोन निम्मा झाला की ते साधारण चौपट होते. पन्नास मीटरवरची गाडी तीन मीटर उजवीकडे असेल तर तिचा दिवा नजरेपासून साडेतीन अंशांवर असतो. रुंद दुभाजकाच्या पलीकडे, दहा मीटरवर असेल तर अकरा अंशांच्या पुढे. म्हणजे दिवा तोच, पण अरुंद रस्त्यावर त्याचा पडदा कितीतरी जाड.

गाडी निघून गेली तरी त्रास संपत नाही. अंधारात पाहणाऱ्या शलाकापेशींतले ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडाने विटते आणि पुन्हा तयार व्हायला वेळ घेते. पूर्ण अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एका गाडीच्या झोताने सगळी कमाई जात नाही, पण दोन-चार सेकंद तरी चाचपडण्यात जातात. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे चौदा मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत बेचाळीस. एवढ्या अंतरात या रस्त्यावर एक वळण, एक गडगा आणि पावसाळा असेल तर बसलेली एक गाय आरामात मावते. वय वाढले की हिशेब आणखी बिघडतो. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. मोतीबिंदू सुरू झालेल्याला तर प्रत्येक दिव्याभोवती फुलबाजी दिसते. ‘दिवसा चालवतंय, रात्रीची नको’ असे गावातला जुना चालक म्हणतो तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणू नये.

गाडीचा दिवा प्रखर कशाने होतो याबद्दल एक सर्वसाधारण गैरसमज आहे, की वॅट वाढले म्हणून. इतिहास तसा नाही. कार्बाइडच्या ॲसिटिलीन दिव्यांनंतर विजेचे दिवे आले. १९६० नंतरच्या दशकात युरोपात हॅलोजन, १९९१ साली झेनॉन आणि २००७ पासून मोटारींच्या खालच्या झोतातही एलईडी आले. दर टप्प्याला उजेड वाढला, पण कारखान्यातून निघालेल्या दिव्यात तो उजेड कुठे पडावा याची काळजीही वाढत गेली. आपल्याकडे डावीकडून वाहतूक चालते, म्हणून खालच्या झोताची वरची कड उजवीकडे सपाट कापलेली आणि डावीकडे किंचित चढलेली असते: समोरच्याचे डोळे वाचावेत आणि आपल्या बाजूची साइडपट्टी दिसावी. दिपवतो तो ही कड मोडलेला दिवा.

कड मोडण्याचे दोन मार्ग या भागात रोज दिसतात. पहिला बल्ब बदलण्याचा. जुन्या गाड्यांत असणाऱ्या एच-फोर हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, वरच्या झोताची साठ वॅटची आणि खालच्या झोताची पंचावन्न वॅटची. खालच्या झोताच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते; नाहीतर तो आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळून वर उसळला असता. समोरच्या माणसाचे डोळे इतकी वर्षे या वाटीनेच राखले. आता या बल्बच्या जागी बाजारातला ‘एलईडी किट’ बसवतात. त्यातल्या चिपा तारेएवढ्या बारीक नसतात आणि नेमक्या तारेच्या जागीही येत नाहीत. आरसा घडवलेला असतो तारेसाठी. त्याला मिळतो दुसरीकडून येणारा उजेड, आणि तो जमेल तसा चहूकडे फेकतो. चालकाला पुढ्यातला रस्ता पांढराशुभ्र दिसतो, म्हणून तो खूश. लांबचे त्याला बहुधा पूर्वीपेक्षा कमीच दिसत असते, पण पायाजवळच्या लखलखाटात हे ध्यानात येत नाही.

(या किनाऱ्यावर नुसते ‘एलईडी’ म्हटले की पुष्कळांना आधी समुद्र आठवतो. प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासळी एका जागी गोळा करायची आणि जाळ्यात ओढायची, या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. पारंपरिक मच्छीमारांचा या मासेमारीविरुद्धचा झगडा सिंधुदुर्गात सर्वांना ठाऊक आहे.)

दुसरा मार्ग ओझ्याचा. त्याकडे फारच कमी लक्ष जाते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मिठबावच्या रस्त्यावर मोठा गुन्हेगार तोच आहे. खालचा झोत साधारण शेकडा एक उताराने लावलेला असतो. दहा मीटरवर त्याची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली यावी. आता गाडीची मागची बाजू दबली तर नाक वर होते. दोन चाकांतले अंतर अडीच मीटर असलेली मोटार मागे फक्त साडेचार सेंटिमीटर बसली की झोत एक अंश उचलला जातो. एक अंश म्हणजे दहा मीटरला साडेसतरा सेंटिमीटर. खाली जाणारा झोत वर निघाला. पाऊण मीटरपेक्षा कमी उंचीवर असलेला दिवा पाऊणशे मीटरवरच्या चालकाच्या बरोबर डोळ्यांत जातो, आणि इकडचा मनुष्य शपथेवर सांगतो की त्याने डिप्परच ठेवला होता. तो खरेच सांगत असतो.

हे ओझे इथल्या ऋतूंप्रमाणे येते. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरलेले टेम्पो संध्याकाळी बागांतून निघतात आणि रातोरात वाशीच्या बाजाराची वाट धरतात. भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी येतात: मागच्या सीटवर तिघे-चौघे, डिकीत पिशव्या, मखराचे सामान, टपावर आणखी काही. त्यांचा प्रवास बहुतेक रात्रीचा. गणेशचतुर्थी शुद्ध चतुर्थीची, म्हणून त्याआधीचे दोन-तीन दिवस नेमके अमावास्येच्या लगतचे. चंद्र असलाच तर दिवस मावळताच मावळतो, आणि वर पाऊस. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा भरते तीही वद्य चतुर्दशीला. वर्षातली सर्वांत जास्त वाहने या रस्त्यावर येतात ती वर्षातल्या सर्वांत काळ्या रात्रींना, हा पंचांगाचा योगायोग आहे. पुष्कळ मोटारींत स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती असते. ओझे असेल तेव्हा ती फिरवून झोत खाली आणायचा असतो. ती कशाची हे विचारले तर दहातले नऊ चालक एसीची सांगतील.

चढाचा मामला मात्र चकतीने सुटत नाही. सड्याच्या माथ्यावर येणाऱ्या गाडीचे तोंड आभाळाकडे असते. खालून येणाऱ्याला आधी माथ्यावर पांढरा पिसारा दिसतो, मग एकदम दोन सूर्य. अनुभवी चालक पिसारा दिसल्याबरोबर पाय सैल करतो आणि नजर डावीकडे, रस्त्याच्या कडेवर टाकतो. पांढरी पट्टी असेल तर ठीक, नाहीतर गडग्याचा पाया. पावसाळ्यात हीच डावी कड दगा देते, कारण साइडपट्टी खचलेली असते.

काचेचा वाटाही मोठा आहे. मिठबावच्या नावातच मीठ आहे आणि हवेत तर आहेच. समुद्राकाठी दोन रात्री उभी राहिलेली गाडी सकाळी बोटाने पुसून पाहावी. बोट चिकट होते, जिभेला लावले तर खारट लागते. दिवसा या थराचे काही वाटत नाही. रात्री समोरून झोत आला की मिठाचा कणन् कण पेटतो आणि सगळी काच दुधी होते. त्यावर कोरडा वायपर फिरवणे म्हणजे दूध पसरणे. वायपरच्या रबराखाली वाळू अडकलेली असेल तर काचेवर धनुष्याकृती बारीक रेघा उठतात, आणि समोरचा प्रत्येक दिवा त्या रेघांवरून आडवा ताणला जातो. आतल्या बाजूची काच बहुतेक जण पुसतच नाहीत. तिच्यावर श्वासाची, उदबत्तीच्या धुराची, तळहाताची पुटे असतात. उपाय गोड्या पाण्याचा तांब्या आणि ओले वर्तमानपत्र, संध्याकाळी निघण्यापूर्वी. रात्री घालायचे म्हणून पिवळे चष्मे विकले जातात. त्यांनी सगळाच उजेड थोडा कमी होतो, कडेचा माणूस ओळखण्यात चाचण्यांत फायदा दिसलेला नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे पुढचा झोत कायम खाली वळवलेला असावा. दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. फूटपट्टीने मोजता येईल असा हा नियम आहे, आणि चिऱ्याच्या भिंतीसमोर गाडी उभी करून कोणालाही तो तपासता येतो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून एके काळी दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत, किंवा मध्यभागी काळी टिकली लावत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. दुचाकी दिसावी म्हणून हे केले, आणि ती दिसते हे खरे. पण मागे माणूस बसला की तिचेही नाक वर होते.

नियमापेक्षा जुना आहे तो रिवाज. जुन्या जीपमध्ये डिप्परचे बटण पायाखाली असे. क्लचशेजारी दाबले की झोत खाली. पुढे ते हाताशी आले. समोरची गाडी दिसताच आपण आधी खाली करायचे, हा मान. त्याने केले नाही तर एकदा वर-खाली करून आठवण द्यायची. तरीही नाही, तर आपणही फुल मारायचा. ही तिसरी पायरी सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत मूर्खपणाची आहे, कारण तिच्यानंतर अरुंद रस्त्यावर दोन आंधळे एकमेकांकडे येत असतात. ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिप्पर ॲट नाईट’ रंगवण्याची पद्धत एवढी रुजलेली की २०१६ साली टाटा मोटर्सने ट्रकचालकांसाठीच्या निरोधाला ‘डिप्पर’ हेच नाव दिले.

परदेशी मोटारींत आता समोरच्या गाडीपुरताच उजेड विझवणारे दिवे मिळतात. युरोपात आधीपासून, अमेरिकेने परवानगी दिली २०२२ साली. काचेमागचा कॅमेरा समोरचे दिवे ओळखतो आणि झोतातला तेवढाच तुकडा काळा करतो. मिठबावच्या रस्त्यावर मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येकाजवळ दिवा असतोच असे नाही. ऊबदार डांबरावर बसलेले गुरू असते. त्याचे डोळे झोतात हिरवट चमकतात, पण ते पाठमोरे असेल तर तेही नाही. दशावतार सुटल्यावर पहाटे घरी परतणारी माणसे असतात. पूर्वी ती चूड पेटवून चालत. माडाच्या सुक्या झावळ्यांची ती मशाल लांबूनही दिसे आणि कोणाचे डोळे दिपवत नसे. आता हातात ब्याटरी असते. गाडी जवळ आली की जाणता माणूस ब्याटरी चालकाकडे धरत नाही. गडग्याला पाठ लावून उभा राहतो आणि उजेड आपल्याच पायांवर पाडतो.