अद्भुत, इतिहास आणि कुमारवाचक : चाकणच्या निमित्ताने

मराठी बालसाहित्याच्या विचारात 'कुमारवाचक' ही कोटी संदिग्धच राहिली आहे. साधारणतः नऊ ते तेरा वर्षांचा हा वाचक परीकथेच्या पलीकडे गेलेला असतो आणि प्रौढांच्या कादंबरीत त्याला अद्याप प्रवेश नसतो. इंग्रजीत गेल्या तीन दशकांत या वाचकासाठी दोन कथनरूपे विशेष बळावली : स्वतःचे स्वायत्त जग उभारणारी अद्भुतकादंबरी आणि चित्रकादंबरी. 'हॅरी पॉटर' मालिकेचा आरंभ 1997 मध्ये झाला आणि पुढे ती मराठीतही अनुवादित झाली. जेफ स्मिथ यांची 1991 ते 2004 या काळात क्रमशः आलेली 'बोन' 2005 पासून रंगीत आवृत्तीच्या रूपाने शालेय वाचकांपर्यंत पोचली. या रूपांना मराठीत पूर्वपरंपरा नाही, असे मानणे सोपे आहे. मात्र इतिहास पाहिला तर प्रश्न अभावाचा नसून अद्भुताच्या वाटपाचा आहे, असे दिसते.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातच अद्भुत उपस्थित आहे. वैजनाथ पंडितांची 'सिंहासन बत्तिशी' 1814 मध्ये श्रीरामपूरला छापली गेली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा मराठीत आणल्या. 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) या कादंबऱ्यांनी अद्भुतरम्यतेला प्रौढ वाचक मिळवून दिला. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने वास्तवाला प्रतिष्ठा दिली आणि अद्भुत खालच्या पायरीवर उतरले. ते मुलांकडे आले खरे, पण अटींसह आले. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' (1881) आणि वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' (1906) या मासिकांनी मराठी बालवाचक घडविला. त्या वाचकाच्या घडणीत ज्ञान आणि नीती यांचे स्थान आधीच ठरलेले होते. मनोरंजनाने या दोहोंची सोबत करावी, अशी अपेक्षा होती. लहान मुलांसाठी परीकथा मान्य झाली. वाचक थोडा मोठा होताच अद्भुताला स्वतःचे समर्थन द्यावे लागले.

हे समर्थन दोन दिशांनी आले. पहिली दिशा विज्ञानाची. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा चंद्र आणि पाताळ ही पुराणातील स्थळे यंत्र आणि भूगोल यांच्या साक्षीने कुमारांसाठी पुन्हा खुली झाली. त्यांचा बनेश फेणे मात्र पुण्याच्या खऱ्या रस्त्यांवर सायकल हाकतो. तेथे साहस आहे, अद्भुत नाही. जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकथेला 'अंतराळातील भस्मासुर' असे पुराणातले नाव दिले. नाव पुराणाचे आणि समर्थन भौतिकशास्त्राचे, अशी ही तडजोड होती. दुसरी दिशा इतिहासाची. घोड्यावरील दौड, बुरूज, भुयार, वेषांतर आणि असंभाव्य विजय ही अद्भुताची सारी सामग्री ऐतिहासिक कथेत आली. तेथे तिला 'घडलेले' असल्याचे संरक्षण होते.

या दोन्ही दिशांना बगल देणारा एक प्रवाह मराठी समीक्षेने जवळजवळ मोजलाच नाही. 1947 मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत निघालेल्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' या नावाने 1952 पासून घरोघरी जाऊ लागली. दासरी सुब्रह्मण्यम यांनी मुळात तेलुगूत लिहिलेल्या तिच्यातील दीर्घ धारावाहिका या कुमारांसाठीच्या अद्भुतकादंबऱ्याच होत्या. त्यांत काल्पनिक राज्ये होती, मांत्रिक होते, विचित्र प्राणी होते. विज्ञानाचा वा इतिहासाचा दाखला मात्र मागितला जात नव्हता. हे लेखन अनुवादित होते, मद्रासहून येत होते आणि ग्रंथरूपाऐवजी मासिकातून येत होते. ग्रंथ आणि मूळ भाषा यांना प्रमाण मानणाऱ्या वाङ्मयेतिहासातून ते निसटणे स्वाभाविक होते.

1964 ते 1990 या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सची गोष्ट अधिक सूचक आहे. ली फॉक यांच्या 'फँटम'ला हिंदी-मराठीत 'वेताळ' हे नाव मिळाले. 'वेताळपंचविशी'तील वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर दिले तरी आणि न दिले तरी राजा अडचणीत येतो. कॉमिक्समधील वेताळ प्रश्न विचारीत नाही. तो ठोसा मारतो आणि कवटीचा ठसा उमटवितो. नाव तेच राहिले, पण अद्भुताचे कार्य पालटले. जे अद्भुत सत्तेला न्यायाविषयी पेचात पकडत होते, ते व्यवस्थेचे रक्षण करू लागले.

चित्रकादंबरीच्या बाबतीतही विस्मरण असेच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी एकेक पान पुढे करीत, गात, कथा सांगत आले आहेत. चित्रांचा क्रम आणि शब्द यांच्या संयोगातून कथन घडविणारे हे मराठी भूमीतील रूप आहे. ते 'लोककला' या खान्यात गेले आणि कथनशास्त्राच्या चर्चेत आले नाही. 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली 'अमर चित्र कथा' आली ती अमेरिकी कॉमिक्सच्या चौकटी घेऊन. आशय मात्र पुराणाचा आणि इतिहासाचा होता. प्रताप मुळीक यांच्या रेखाटनांनी शिवचरित्राची जी दृश्यप्रतिमा घडविली, तिच्यात किल्ला हा अभिमानाचा विषय आहे.

या प्रतिमेशी 'भीमायन' (2011) ताडून पाहावे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचा हा इंग्रजी ग्रंथ डॉ. आंबेडकरांचे जीवन सांगतो. त्यात चौकोनी चौकटी नाहीत. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात येते. दौलताबादच्या किल्ल्यात पाण्यावरून झालेल्या अपमानाच्या प्रसंगी किल्ला हिंस्र पशू होतो. येथे अद्भुत इतिहासाची अनुमती मागत नाही. ते इतिहासाची साक्ष तपासते.

चाकणचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि ऑगस्टमध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. कुमारकथेला हवे ते सारे येथे आहे. नाही तो फक्त विजय. म्हणूनच पुढच्या विजयाकडे जाणाऱ्या कथनात चाकण हा एक थांबा उरतो. गावाच्या नावाची आख्यायिका याहून मोकळी आहे. दशरथाच्या रथाचे चक्र येथे पडले, असे ती चक्रेश्वराच्या संदर्भात सांगते. लढाईच्या कथेत वाचकाला पक्ष आधीच नेमून दिलेला असतो. या आख्यायिकेत त्याच्यापुढे केवळ एक चाक ठेवलेले आहे; ते कोठून आले हे त्याने कल्पावे.

बजाजचा कारखाना 1999 मध्ये आणि फोक्सवॅगनचा 2009 मध्ये चाकण परिसरात सुरू झाला. वाहननिर्मितीच्या या पट्ट्यात बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ अशा ठिकाणांहून कुटुंबे आली. त्यांच्या मुलांना संग्रामदुर्गाची कथा शिकता येईल; पण वारसा म्हणून ती सांगितली गेली, तर त्यांचे स्थान पाहुण्याचे राहील. अद्भुतकादंबरीचे वैशिष्ट्य येथे कळीचे ठरते. तिच्या जगात कोणीही पूर्वजांच्या आधारे प्रवेश करीत नाही. पहिल्या पानावरचा नकाशा स्थानिकाला जितका अपरिचित असतो, तितकाच आगंतुकालाही असतो, आणि त्या जगाचे नियम दोघांनाही सारख्याच कष्टाने शिकावे लागतात. हे साम्य इतिहासकथेला स्वभावतः देता येत नाही.

यातून इतिहासकथा टाकाऊ ठरत नाही. तिच्यावर लादलेले ओझे तेवढे लक्षात येते. कुमारांच्या अद्भुताची सारी भूक तिने एकटीने भागवावी, अशी अपेक्षा मराठीत दीर्घकाळ राहिली. त्यामुळे इतिहासाला अद्भुताचे काम करावे लागले आणि त्याची चिकित्सा अवघड झाली. दुसरीकडे अद्भुत इतिहासाच्या आश्रयाला गेले आणि प्रश्न विचारण्याची आपली जुनी शक्ती विसरले. नवी कुमारकादंबरी मराठीत रुजायची असेल, तर तिला परदेशी नमुन्याइतकीच 'चांदोबा'च्या धारावाहिकांची, पिंगुळीच्या पोथीची आणि प्रश्न विचारणाऱ्या वेताळाची दखल घ्यावी लागेल.