पहिली खुर्ची, सत्तावन्न वर्षं

सोमवार ते शुक्रवार ज्या कामाचा पगार मिळतो, तेच काम शनिवार-रविवारी पुन्हा हौसेनं करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या धंद्यात असे काही नग असतात. दिवसभर कंपनीसाठी कोड लिहायचा आणि रात्री घरी येऊन कुठल्यातरी ओपन सोर्स प्रोजेक्टला पॅच पाठवायचा. बाकीचे त्यांच्याकडे "लग्न झालं की सुटेल हे" अशा नजरेनं बघतात.

व्हिएन्नात हा प्रकार कित्येक पिढ्या चालू आहे. तिथल्या स्टेट ऑपेराच्या इमारतीत गुस्ताफ मालरच्या नावाचा एक छोटा हॉल आहे. मोसमात काही शनिवारी सकाळी तिथे व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक तीन-चार-पाच जणांचे गट करून चेंबर म्युझिक वाजवतात. आदल्या रात्री ऑपेरात चार तास वाग्नर वाजवून झालेला असला तरी! हे वाचलं तेव्हा पहिला प्रश्न आला, की ह्या लोकांना सुट्टी नको असते का? उत्तर शोधता शोधता मी एका माणसापाशी येऊन पोचलो. आजचा लेख त्याच्यावर.

आधी थोडी तांत्रिक माहिती, मग गोष्ट.

ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनचे चौदा-सोळा जण एकच ओळ वाजवतात. एखाद्याचा हात चुकला तर बाकीचे झाकून घेतात. पुढे काठी घेऊन कंडक्टर उभा असतो, तो सांगेल तिथे सुरू आणि सांगेल तिथे बंद. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत मावेल एवढं संगीत. आपल्याकडे मोठ्या मंडपातला महोत्सव आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक यांत जो फरक, साधारण तसाच. स्ट्रिंग क्वार्टेट घ्या. दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. चार माणसं, चार वेगळ्या ओळी, कंडक्टर नाही. चुकलात तर लपायला जागा नाही, आणि बाकीच्या तिघांचं सतत ऐकलं नाहीत तर सगळा डोलारा कोसळतो. म्हणून तर ऑर्केस्ट्रातल्या माणसाला हे हवं असतं. आठवडाभर तो सोळातला एक असतो, इथे तो स्वतः असतो.

फिलहार्मोनिकची रचना तर आमच्या लोकांना फारच आवडेल. ह्या वादकांची नोकरी असते ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात. तिथे किमान तीन वर्षं काढली की फिलहार्मोनिकच्या सभासदत्वासाठी अर्ज करता येतो. फिलहार्मोनिक ही १८४२ पासूनची, वादकांनी स्वतः चालवलेली संस्था आहे. मालक कुणी नाही, निर्णय सभासदांच्या मतांनी. म्हणजे ऑपेरा ही नोकरी, फिलहार्मोनिक हा साइड प्रोजेक्ट, आणि क्वार्टेट हा साइड प्रोजेक्टचा साइड प्रोजेक्ट!

आता गोष्ट.

आर्नोल्ड रोझे १८६३ साली आजच्या रुमानियातल्या याश गावी एका ज्यू कुटुंबात जन्मला. घरचं आडनाव रोझेनब्लुम. तो अगदी लहान असतानाच कुटुंब व्हिएन्नाला आलं. १८८१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कोर्ट ऑपेराच्या ऑर्केस्ट्राचा कॉन्सर्टमास्टर झाला. कॉन्सर्टमास्टर म्हणजे पहिल्या व्हायोलिनची पहिली खुर्ची. कंडक्टर येतात आणि जातात, ऑर्केस्ट्राचा रोजचा आवाज ही खुर्ची सांभाळते. सतराव्या वर्षी मी बारावीच्या फिजिक्सच्या क्लासला मागच्या बाकावर झोपत होतो, ते असो. रोझे त्या खुर्चीवर १९३८ पर्यंत होता. सत्तावन्न वर्षं.

१८८२ साली त्यानं ऑर्केस्ट्रातल्याच सहकाऱ्यांना घेऊन रोझे क्वार्टेट काढलं. सुरुवातीला चेलोवर त्याचा भाऊ एडुआर्ड होता. पुढची पन्नासहून जास्त वर्षं व्हिएन्नात चेंबर म्युझिक म्हटलं की हेच नाव. माणसं बदलत गेली. दुसऱ्या व्हायोलिनवर पाउल फिशर आला, चेलोवर फ्रीडरिश बुक्सबाउम. पण सगळे दिवसा-रात्री ऑपेरात खुर्च्या असलेलेच.

हे लोक हौसेखातर फक्त जुनं-जुनं वाजवत बसले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. हायडन आहे, मोझार्ट आहे, बेथोवन आहे, शुबर्ट आहे, आयुष्य सहज निघालं असतं. पण १८९० साली ब्राम्सनं आपलं दुसरं स्ट्रिंग क्विंटेट पहिल्यांदा लोकांसमोर आणलं ते ह्यांच्याकडून. ब्राम्स तेव्हा प्रतिष्ठित होता, त्यामुळे तिथे धोका नव्हता. खरा धोका पुढे होता. शॉनबर्ग नावाचा एक तरुण व्हिएन्नातच काहीतरी भलतं लिहीत होता. त्याचं 'फेअरक्लेर्टे नाख्ट' हे सहा वाद्यांचं काम एका संस्थेनं नाकारलं होतं, कारण काय तर त्यात एक असा कॉर्ड होता की जो नियमांच्या पुस्तकात बसत नव्हता. (कोड रिव्ह्यूत असली कारणं आपण सगळ्यांनीच ऐकलीत.) १९०२ च्या मार्चमध्ये ते वाजवलं रोझे क्वार्टेटनं, आणखी दोन वादक जोडीला घेऊन. १९०७ साली शॉनबर्गचं पहिलं क्वार्टेट आणि तीनच दिवसांनी चेंबर सिंफनी. १९०८ च्या डिसेंबरात दुसरं क्वार्टेट, ज्यात चार वाद्यांच्या जोडीला एक गायिका उभी राहते. त्या रात्री हॉलमध्ये लोक हसले, ओरडले, अक्षरशः दंगा झाला. वादकांनी शेवटपर्यंत वाजवलं.

जरा विचार करा. ह्या चौघांची नोकरी पक्की, नाव मोठं, दरबारी मान. नव्या माणसाचं बिनओळखीचं संगीत वाजवून त्यांना मिळणार काय होतं? शिट्ट्या. तरी ते वाजवत राहिले. मालर हा तेव्हा ऑपेराचा डायरेक्टर, म्हणजे रोझेचा बॉस, आणि त्याची बहीण युस्टीनं ही रोझेची बायको, म्हणजे बॉसच मेहुणा! १९०७ च्या गोंधळात शिट्ट्या मारणाऱ्या एकाशी मालर स्वतः भांडायला उठला, असं मालरच्या बायकोनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

आणखी एक प्रसंग. व्हिएन्नात बोझेनडॉर्फर हॉल म्हणून चेंबर म्युझिकसाठी प्रसिद्ध जागा होती. मूळची घोडेस्वारी शिकवायची शाळा, पण आवाज असा घुमायचा की वादक जीव टाकायचे. १९१३ साली तो पाडायचं ठरलं. शेवटच्या कार्यक्रमात रोझे क्वार्टेटनं बेथोवन वाजवलं. लेखक श्टेफान त्स्वाइग तिथे होता. कार्यक्रम संपला, टाळ्या संपल्या, तरी माणसं जागची उठेनात, असं तो सांगतो. हॉल तरीही पडलाच. आणि गंमत म्हणजे ती जागा त्यानंतर जवळपास वीस वर्षं रिकामीच होती. पुनर्विकासाच्या नावाखाली थिएटरं पडलेली पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ह्यावर वेगळं काही सांगायला नको.

इथपर्यंत लिहून झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्याला आपण ऑस्ट्रियन चेंबर म्युझिक म्हणतो ते कुणी घडवलं? बेथोवन जर्मनीतल्या बॉनचा, ब्राम्स हॅम्बुर्गचा, मालर बोहेमियातल्या खेड्यातला, रोझे याशचा. अगदी मोझार्टसुद्धा जन्मला तेव्हा साल्झबुर्ग हे आर्चबिशपचं वेगळं राज्य होतं, ऑस्ट्रियाचा भाग नव्हतंच. व्हिएन्नाचं मोठेपण हे की कुठूनही आलेला माणूस तिथे येऊन व्हिएन्नाचा होत होता. मुंबईचं जसं आपण म्हणतो तसंच.

१९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि आपला कोण, परका कोण हे ठरवायचं काम दुसऱ्यांनी हातात घेतलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या रोझेला खुर्ची सोडावी लागली. सत्तावन्न वर्षांच्या नोकरीचा निकाल काही दिवसांत लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायको गेली. १९३९ साली तो लंडनला पोचला. बुक्सबाउमही तिथे येऊन पोचला आणि हे दोघे म्हातारे परक्या शहरात, युद्ध चालू असताना, पुन्हा क्वार्टेट वाजवू लागले.

सगळे पोचले नाहीत. पाउल फिशर, तीन दशकांहून जास्त काळ रोझेच्या शेजारी बसलेला दुसरा व्हायोलिनवादक, १९४२ साली छळ सोसत व्हिएन्नातच मेला. भाऊ एडुआर्ड १९४३ साली तेरेझिनश्टाटच्या घेट्टोत मेला. फिलहार्मोनिकचे एकूण सात वादक असे गेले, पाच छावण्यांत किंवा घेट्टोंत आणि दोन व्हिएन्नातच. आणि उरलेले? १९४२ साली १२३ पैकी ६० वादक नाझी पक्षाचे सभासद होते. हे आकडे इतिहासकारांनी काढले आणि २०१३ साली ऑर्केस्ट्रानं स्वतःच्याच संकेतस्थळावर मांडले. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. बाहेरून आलेला राक्षस एकवेळ समजतो. पण हे तर एकाच रांगेत बसून, एकाच स्टँडवरचा कागद वाचून वर्षानुवर्षं वाजवणारे लोक. शेजाऱ्याचा श्वास ऐकून आपला सूर लावणं हेच त्यांचं काम होतं.

रोझेची मुलगी आल्मा. मालरची भाची, आणि बापाच्याच तालमीत तयार झालेली व्हायोलिनवादक. बाखचं दोन व्हायोलिनचं कन्चेर्टो बाप-लेकीनं एकत्र वाजवलेलं रेकॉर्डिंग आजही मिळतं. पण बापाच्या ऑर्केस्ट्रात तिला जागा नव्हती, कारण तिथे बायकांना घेतच नसत. १९३२ साली तिनं स्वतःचा बायकांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि युरोपभर कार्यक्रम केले. बापाला लंडनला पोचवल्यावर पैसे मिळवायला ती हॉलंडला गेली आणि तिथेच अडकली. फ्रान्समार्गे निसटताना पकडली गेली. जुलै १९४३ मध्ये तिला आउशविट्झला नेलं.

बिर्केनाउमध्ये बायकांचा एक ऑर्केस्ट्रा होता. सकाळी कामाच्या तुकड्या बाहेर पडताना आणि संध्याकाळी परतताना दारापाशी मार्च वाजवायचे, हे त्याचं काम. व्हायोलिनं, मँडोलिनं, गिटार, अकॉर्डियन, जे असेल ते. बऱ्याचशा मुली अर्ध्यामुर्ध्या शिकलेल्या. आल्मा त्याची प्रमुख झाली आणि तासन् तास तालमी घेऊ लागली. एक सूर चुकला तर रागवायची, शिक्षा करायची. वाचताना पहिल्यांदा मला ते क्रूर वाटलं. मग कळलं, की वाजवणं बरं झालं नाही तर ऑर्केस्ट्रा बंद, आणि ऑर्केस्ट्रा बंद म्हणजे त्यातल्या मुलींचं काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. बापाच्या घरात शिकलेली शिस्त तिथे चाळीसेक मुलींचा जीव धरून होती. एप्रिल १९४४ मध्ये आल्मा तिथेच अचानक आजारी पडून मेली. पण तिच्या ऑर्केस्ट्रातल्या बहुतेक मुली जगल्या.

त्यातली एक चेलोवादक अनिता लास्कर. तेव्हा वय अठरा. तिनं आठवणींत लिहिलंय, की त्या बराकीत त्यांनी एकदा बेथोवनचा 'पाथेटीक' सोनाटा तीन व्हायोलिन आणि एका चेलोसाठी बसवून वाजवला. गार्डांसाठी नाही, दारापाशी नाही. स्वतःसाठी. म्हणजे चेंबर म्युझिकच की! सुरुवातीचा माझा प्रश्न आठवतोय? नोकरीत वाजवून झाल्यावर पुन्हा का वाजवायचं? ह्याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही. युद्धानंतर अनिता लंडनला गेली आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या संस्थापकांपैकी एक झाली.

आर्नोल्ड रोझे ऑगस्ट १९४६ मध्ये लंडनला वारला. मुलीचं काय झालं हे कळल्यावर तो फार दिवस काढू शकला नाही. व्हिएन्नाच्या ग्रिंत्सिंग दफनभूमीत त्याचं थडगं आहे, आल्माचं नावही त्यावर कोरलंय. मालरचं थडगंही त्याच दफनभूमीत. फिलहार्मोनिकनं पहिल्या स्त्री सभासदाला घेतलं ते १९९७ साली, हार्पवादक आना लेल्केस हिला. ती त्याआधी वीसहून जास्त वर्षं सभासदत्वाशिवाय तिथे वाजवत होती. रोझेच्या पदावर, म्हणजे कॉन्सर्टमास्टरच्या खुर्चीवर, पहिली स्त्री बसली ती आल्बेना डानाइलोवा. ती बल्गेरियाची. पुन्हा बाहेरूनच आलेली!

जाता जाता आपला एक धागा. आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती धून आठवतेय? ती बांधणारा वॉल्टर कौफमन हाही ज्यू. जन्मला तेव्हा त्याचं गाव, कार्ल्सबाड, ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. नाझींपासून दूर म्हणून १९३४ साली तो मुंबईला आला आणि आल्याबरोबर त्यानं काय केलं असेल? बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तिथे व्हायोलिन वाजवायचा मेहली मेहता. त्याचा मुलगा झुबिन १९५४ साली शिकायला व्हिएन्नाला गेला आणि पुढे त्याच फिलहार्मोनिकसमोर काठी घेऊन उभा राहिला.

रोझे क्वार्टेटनं १९२७ साली बेथोवनचं ओपस १३१ रेकॉर्ड केलं होतं. नेटवर सहज सापडतं. सात भाग, मध्ये कुठेही न थांबता. थांबायचं नाही म्हणजे वाद्य पुन्हा जुळवायलाही उसंत नाही. सूर उतरले तर चौघांनी एकमेकांचं ऐकत सावरून घ्यायचं. रेकॉर्डिंग जुनं आहे, खरखर खूप आहे. पण उद्या रविवार आहे, तेव्हा हेडफोन लावा आणि एकदा ऐका. दुसऱ्या व्हायोलिनकडे जरा जास्त लक्ष द्या. तो पाउल फिशर आहे.