उपहासाचा पुरावा : रोस्कियस खटला आणि रोमन गुन्हेशोध

१

प्राचीन रोमच्या पार्श्वभूमीवर रहस्यकथा लिहिण्याचा प्रघात इंग्रजी वाङ्मयात विसाव्या शतकाच्या अखेरीस विशेष रूढ झाला. लिंडसे डेव्हिस यांची ‘द सिल्व्हर पिग्ज’ ही कादंबरी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक मार्कस डिडियस फाल्को हा सम्राट व्हेस्पाझियनच्या कारकिर्दीतील, नेहमी पैशाच्या विवंचनेत असलेला आणि जिभेचा तिखट असा खाजगी शोधक आहे. १९९१ मध्ये स्टीव्हन सेलर यांची ‘रोमन ब्लड’ ही कादंबरी आली. तिच्यातील शोधक गॉर्डियानस याला सिसरो हा तरुण वकील एका खुनाच्या तपासासाठी नेमतो. शोधक काल्पनिक असला, तरी तो खून व त्यावरून उभा राहिलेला खटला ऐतिहासिक आहे. इ. स. पू. ८० मध्ये सिसरोने सेक्स्टस रोस्कियसच्या बचावासाठी केलेले भाषण आज उपलब्ध असून, खटल्याची बहुतेक सर्व हकिकत त्यातूनच कळते.

असा थट्टेखोर शोधक रोममध्ये खरोखर संभवत होता काय, या प्रश्नाचे उत्तर प्रथम शब्दांतच शोधावे लागते. पारिश्रमिक घेऊन गुन्ह्याचा छडा लावणाऱ्या व्यावसायिकाला लॅटिनमध्ये स्वतंत्र नाव नाही. सरकारी अभियोक्ताही तेथे नव्हता. फौजदारी न्यायसभेपुढे आरोप मांडण्याचे काम एखादा नागरिक आपण होऊन करी. या क्रियेला ‘नोमेन डेफेर्रे’, म्हणजे ‘नाव नेऊन देणे’, असे म्हणत. त्यावरूनच पुढे ‘डेलाटोर’ हा शब्द प्रचारात आला. साम्राज्यकाळात तो बक्षिसाच्या लोभाने चुगल्या करणाऱ्याचा वाचक बनला. सम्राट टायटसने अशा लोकांना फटके मारून प्रेक्षागारात फिरविले, हे सुएटोनियसने नमूद केले आहे. इ. स. ६ मध्ये ऑगस्टसने ‘विजिलेस’ या पहारेकऱ्यांच्या सात तुकड्या उभारल्या. परंतु त्यांचे मुख्य काम आगी विझविणे व रात्रीची गस्त घालणे हे होते. घडून गेलेल्या खुनाचा माग काढणे हे नव्हते.

शोधक नव्हता, शोध मात्र होता, आणि त्याचे नाव ‘क्वेस्टिओ’ असे होते. ‘क्वेरेरे’, म्हणजे शोधणे, विचारणे, या धातूपासून हे नाम सिद्ध झाले. त्याचा पहिला अर्थ प्रश्न, दुसरा चौकशीसाठी नेमलेली न्यायसभा आणि तिसरा यातना देऊन घेतलेली जबानी. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ रोस्कियसच्या खटल्यात एकत्र आलेले दिसतात.

२

अंब्रिया प्रांतातील आमेरिया गावचा सेक्स्टस रोस्कियस हा धनाढ्य गृहस्थ होता. टायबर नदीकाठी त्याच्या मालकीच्या तेरा वाड्या होत्या व त्यांची किंमत साठ लक्ष सेस्टर्स होती. रोममध्ये एके रात्री मेजवानीहून परतत असता पॅलाकिने नावाच्या स्नानगृहांजवळ त्याचा खून झाला. मुलगाही त्याच नावाचा. तो त्या वेळी आमेरियात शेतीवर होता. खुनाची वार्ता घेऊन मॅलियस ग्लाउकिया नामक मुक्तदास हलक्या गाड्यांतून रातोरात निघाला आणि छप्पन्न रोमन मैलांचे, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटरचे, अंतर त्याने रात्रीच्या दहा तासांत तोडले. परंतु वार्ता पोहोचली ती मृताच्या मुलाकडे नव्हे. मृताशी वैर असलेला त्याचा आप्त टायटस रोस्कियस कॅपिटो याच्याकडे. ग्लाउकिया हा स्वतः मॅग्नस या दुसऱ्या वैरी आप्ताचा आश्रित होता.

सर्वाधिकारी सुला या वेळी व्होलाटेरे येथील छावणीत होता. चार दिवसांच्या आत ही बातमी तेथे त्याचा मर्जीतला मुक्तदास क्रिसोगोनस याच्या कानी गेली. सुलाच्या शत्रूंची नावे वध्य म्हणून जाहीर करण्याची आणि त्यांची मालमत्ता लिलावात काढण्याची मुदत इ. स. पू. ८१ च्या १ जूनला संपली होती. त्यानंतर काही महिन्यांनी मेलेला, शिवाय सुलाच्याच पक्षाचा असलेला, रोस्कियस त्या यादीत मरणोत्तर घुसविण्यात आला. साठ लक्षांची मालमत्ता क्रिसोगोनसने दोन हजार सेस्टर्सना घेतली. तीन वाड्या कॅपिटोला मिळाल्या. उरलेल्या दहांचा ताबा मॅग्नसने क्रिसोगोनसच्या वतीने घेतला. गावातील दहा प्रमुखांचे शिष्टमंडळ सुलाकडे दाद मागण्यास गेले. पण कॅपिटो स्वतःच त्या दहांत असल्याने ते सुलाला न भेटताच परतले.

निर्वासित मुलाने रोममध्ये सेसिलिया मेटेला या कुलीन स्त्रीचा आश्रय घेतला. तो जिवंत असेतो मालमत्तेचा उपभोग निर्धास्त नव्हता; म्हणून पितृहत्येचा आरोप त्याच्याच माथी मारण्यात आला. दोष शाबीत झाल्यास आरोपीला चामड्याच्या पोत्यात शिवून नदीत फेकण्याची शिक्षा होती.

३

वजनदार वकिलांपैकी कोणीही भाषणास उभा राहिला नाही, तेव्हा सव्वीस वर्षांच्या सिसरोने काम पत्करले. त्याच्या हाती पुरावा जवळजवळ नव्हता. प्रत्यक्ष घटना पाहिलेले साक्षीदार कदाचित दोनच : खुनाच्या वेळी धन्याबरोबर असलेले दोन दास. रोमन विधीप्रमाणे दासाची जबानी यातना दिल्यावाचून ग्राह्य नसे, आणि त्यासाठी मालकाची संमती लागे. बचावपक्षाने ही मागणी वारंवार केली. ती नाकारली गेली. खटल्याच्या वेळी ते दास क्रिसोगोनसच्या घरी होते. अशा रीतीने तिसऱ्या अर्थाची ‘क्वेस्टिओ’ बंद झाली आणि दुसऱ्या अर्थाच्या ‘क्वेस्टिओ’पुढे पहिल्या अर्थाचेच शस्त्र उरले, ते म्हणजे प्रश्न.

हा प्रश्न लुकियस कॅसियस या कठोर न्यायाधीशाच्या नावाने प्रसिद्ध होता : ‘कुई बोनो’. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत यात दोन चतुर्थ्या आहेत. ‘कुई’ ही प्रश्नार्थक सर्वनामाची चतुर्थी असून ती संस्कृत ‘कस्मै’च्याच मूळ प्रकृतीपासून आली आहे, ‘बोनो’ ही तादर्थ्याची चतुर्थी होय. ‘कोणाला, लाभासाठी?’ असा त्याचा अक्षरार्थ, आणि ‘यात हित कोणाचे झाले?’ हा भावार्थ. मुलगा भिकेला लागला होता. वाड्या मॅग्नस व कॅपिटो यांच्याकडे होत्या. उत्तर न्यायसभेने स्वतःच काढावे, एवढीच सिसरोची अपेक्षा होती.

परंतु लाभ म्हणजे खुनाचा पुरावा नव्हे, हे तोही जाणत असावा. ती उणीव त्याने उपहासाने भरून काढली. अभियोक्ता एरुकियस याला तो विचारतो, की खून मुलाने स्वतः केला, तर तो रोममध्ये होता केव्हा? दुसऱ्यांकरवी केला, तर ते दास होते की स्वतंत्र? माझ्या भाषणाच्या वेळातच मध्ये उठून उत्तर द्यावे, अशी सवलतही तो देऊ करतो. पुढे कॅपिटोलवरील हंस व कुत्र्यांचा दाखला येतो. चोर आल्यास त्यांनी ओरडावे म्हणून सरकारी खर्चाने त्यांना पोसतात. पण भरदिवसा देवदर्शनास येणाऱ्यांवरच कुत्री भुंकू लागली, तर त्यांच्या तंगड्या मोडाव्या लागतील. अभियोक्त्यांचेही तसेच, आणि खोटा आरोप केल्यास त्यांच्या कपाळी ते अक्षर डागले जाईल, ज्याच्या धास्तीने त्यांना ‘कालेन्डे’ही नकोशी होते. या विनोदाचे मर्म लेखनपद्धतीत आहे. ‘कलुम्निया’, म्हणजे खोटा आरोप, हा शब्द जुन्या वळणाने ‘का’ नामक अक्षराने लिहीत, आणि सिसरोच्या काळी ते अक्षर मोजक्याच शब्दांत उरले होते. त्यांपैकी ‘कालेन्डे’ हा महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे कर्जाचे व्याज चुकविण्याचा दिवस. एका अक्षरात अभियोक्त्याची खोटी फिर्याद आणि त्याची देणी ही दोन्ही सामावली.

‘सेक्टोर’ या शब्दावरील श्लेष याहून धारदार आहे. कापणारा व जप्तीचा माल लिलावात घेणारा, असे त्याचे दोन अर्थ. यादीच्या त्या काळात गळे कापणारे आणि माल घेणारे बहुधा एकच होते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. सिसरोने ती एका शब्दाने सांगितली. क्रिसोगोनस हे ग्रीक नाव ‘सुवर्णजात’ या अर्थाचे. त्या सोनेरी नावाआड सारी टोळी दडली आहे, असे तो म्हणतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, तोवर एरुकियस निर्धास्तपणे इकडेतिकडे फिरत होता व सेवकाला जेवणाविषयी सूचना देत होता. क्रिसोगोनसचे नाव उच्चारले जाताच मात्र धावपळ उडाली आणि माणसे त्याला खबर देण्यास पळाली.

४

या विनोदाला निश्चित मर्यादा आहे, आणि ती सत्तेच्या पायऱ्यांशी समांतर जाते. एरुकियसची थट्टा मोकळेपणी होते. क्रिसोगोनसवरील प्रहार तिखट आहे, पण भाषणाच्या उत्तरार्धापर्यंत राखून ठेवलेला आहे. सुलाच्या वाटेला मात्र थट्टा नाही; एवढ्या मोठ्या राज्यभारात काही गोष्टी त्याच्या नजरेतून सुटल्या, एवढेच आदरपूर्वक सांगितले जाते. कादंबरीतील शोधक सम्राटालाही टोमणे मारतो, इ. स. पू. ८० मधील वक्त्याला प्रत्येक टोमण्याचे लक्ष्य तोलून निवडावे लागे. मोकळा वाटणारा हा विनोद वस्तुतः फार मोजून वापरलेला आहे.

रोस्कियस सुटला, असे प्लुटार्क सांगतो. तथापि या सुटकेने खुनाचा उलगडा झाला नाही. मॅग्नस व कॅपिटो यांच्यावर खटला भरल्याची किंवा वाड्या परत मिळाल्याची नोंद आढळत नाही. उपलब्ध वृत्तांत बचावपक्षाचा आहे, आणि तो सर्वस्वी विश्वसनीय मानू नये, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे ते योग्यच होय. न्यायसभेपुढे सिद्ध झाले ते इतकेच, की आरोप हास्यास्पद आहे.

विनोदाची दुसरी मर्यादा सत्तेच्या खालच्या टोकाला दिसते. खून बहुधा ज्यांच्या डोळ्यांदेखत झाला, त्या दोन दासांची नावे भाषणात नाहीत. त्यांना बोलते करण्याची विधिमान्य रीत यातना हीच होती, आणि तिची मागणी करणारा पक्ष निरपराध्याचा कैवारी होता. ही मागणी नाकारणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता, हे मान्य केले, तरी त्या नकारानेच हे दोन देह छळातून वाचले, हेही मान्य करावे लागते. आधुनिक रहस्यकथेत सत्य शोधकाच्या चातुर्याने उघड होते. रोस्कियसच्या खटल्यात चातुर्याने एका माणसाचे प्राण वाचविले; सत्य मात्र ज्यांना ठाऊक असावे, त्यांना माणूस म्हणून कोणी काही विचारलेच नाही.