संशय, पुरावा आणि तळहाताएवढा पडदा : गुन्हेशोधाच्या खेळांचा इतिहास

(जोगेश्वरी पूर्व येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेम कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर थोडक्यात असं. गुन्हेशोधाची गोष्ट पुस्तकातून हातात धरायच्या यंत्रावर आली, तेव्हा वाचकाचं काम बदललं. तोवर तो बघत होता. आता गुन्हेगाराकडे बोट त्याला स्वतःला दाखवावं लागलं, आणि नुसतं बोट चालेना, त्याबरोबर पुरावाही ठेवावा लागला. आरोप कोणी करायचा आणि कशाच्या जोरावर करायचा, हा प्रश्न खेळापुरता नाही. तो आपल्या शहराचा आहे, आणि या जोगेश्वरीचा तर आहेच. तिथे आपण शेवटी येऊ.

सुरुवात घरापासून करू. मराठीत रहस्यकथा घराघरांत नेली बाबूराव अर्नाळकरांनी. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त पुस्तकं, आणि झुंजार, काळापहाड असे नायक. ही पुस्तकं विकत घेणारे थोडे, सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणणारे जास्त. हातात मावणारी, लवकर संपणारी, लोकलमध्ये उभ्याने वाचता येणारी. पुढे सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास हा वकील नायक आणला, म्हणजे रहस्य कोर्टात गेलं. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होताच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यांत वाचक काय करतो? तो नायकाच्या मागे धावतो. मनात अंदाज बांधतो, पण अंदाज चुकला तर त्याचं काही बिघडत नाही. पान उलटलं की उत्तर मिळतंच. झुंजार कोणावर संशय घेतो म्हणून आपण घेतो. चुकीच्या माणसावर संशय घेतल्याची किंमत वाचकाला कधी मोजावी लागत नाही.

वाचकाला कामाला लावणारे

वाचकाला कामाला लावायचे प्रयत्न तसे जुने आहेत. १९२९ साली अमेरिकेत एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोघा लेखकांनी कादंबरी मध्येच थांबवून वाचकाला आव्हान दिलं : सगळे धागेदोरे तुमच्यासमोर आहेत, आता सांगा गुन्हेगार कोण. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये डेनिस व्हीटली यांनी पोलिसांच्या फाइलीसारखं पुस्तकच काढलं, त्यात वाचकाला हाताळायला खऱ्या वस्तू घातलेल्या. १९४९ मध्ये क्लूडो हा पटावरचा खेळ बाजारात आला. खून कोणी, कुठे, कशाने केला ते खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि चुकीचा आरोप केला की तो बाद. चुकीच्या आरोपाला शिक्षा, ही कल्पना इथे आली.

संगणकावर महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९८२ चा डेडलाइन. चित्रं नाहीत, सगळा मजकूर. बारा तासांत तपास पुरा करायचा. डिस्कवर जागा इतकी कमी, की जबान्या आणि काही वस्तू छापील स्वरूपात खोक्यातच घालून दिल्या होत्या. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची व्हीटलींची युक्ती यंत्राच्या अडचणीपायी परत आली.

मग जपान. तिथली रहस्यकथेची परंपरा मोठी. एदोगावा राम्पो हे टोपणनाव मुळात एडगर ॲलन पो या नावाचंच जपानी रूप. १९८३ मध्ये युजी होरी यांनी पोर्टोपिया नावाचा खेळ केला. पार्श्वभूमी कोबे शहराची. आपण वरिष्ठ अधिकारी, आणि यासू नावाचा हाताखालचा माणूस आपल्यासाठी फिरतो. गुन्हेगार कोण ते सांगत नाही, कोणाला खेळायचं असेल तर मजा जाईल. (हशा)

पहिल्या आवृत्तीत हुकूम टाइप करावा लागे : ‘घर बघ’, ‘त्याला विचार’. शब्द चुकला की यंत्राला कळत नसे. १९८५ मध्ये हा खेळ टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रावर आला. त्याला कीबोर्ड नाही, चारदोनच बटणं. मग हुकमांची यादी पडद्यावर आली : विचारा, शोधा, दाखवा, अटक करा. बदल किरकोळ वाटतो, पण इतिहासात असे किरकोळ बदलच फार दूर नेतात. तपास चार बटणांत बसला, म्हणजे तो आता खिशात बसायला मोकळा झाला.

खिशातलं कोर्ट

खिशातलं यंत्र म्हणजे १९८९ चा गेम बॉय. त्यानंतर २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स. पडदा आडवा २४० ठिपके, उभा १६०. त्यावर मोटारींच्या शर्यती चालत, मारामाऱ्या चालत, पण त्या छोट्या पडद्याला खरी सोसली ती गोष्ट. स्थिर चित्र, खाली दोनतीन ओळी मजकूर, बटण दाबलं की पुढची ओळ. बॅटरी कमी लागते, घाई नाही, स्टेशन आलं की थांबवता येतं.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २००१ मध्ये, कॅपकॉम कंपनीत शू ताकुमी यांनी जेमतेम सात जणांच्या चमूबरोबर एक खेळ पुरा केला. आपण त्याला इंग्रजी नावाने ओळखतो : एस अटर्नी. नायक फीनिक्स राइट, बचाव पक्षाचा नवखा वकील. आधी हा नायक गुप्तहेर असणार होता. पण खेळातली खरी मजा खोट्या जबानीतली विसंगती पकडण्यात आहे, आणि ते काम कोर्टातल्या वकिलाचं, हे लक्षात आल्यावर तो वकील झाला. राम्पो यांच्या एका कथेतून आपल्याला ही कल्पना सुचली, असं ताकुमी यांनी सांगितलेलं आहे.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी आपल्याकडचं एक काल्पनिक उदाहरण देतो. साक्षीदार म्हणतो : ‘रात्री आठला मी चर्चगेटहून विरार फास्ट पकडली, जोगेश्वरीला उतरलो, आणि आरोपीला पुलावर पाहिलं.’ (हशा) बघा, तुम्ही हसलात. म्हणजे हरकत तुम्हाला सापडली. पण खेळात नुसतं हसून चालत नाही. नेमक्या कोणत्या वाक्यावर हरकत आहे ते थांबून दाखवायचं, आणि जवळच्या पुराव्यांतून रेल्वेचं वेळापत्रक काढून ठेवायचं. मग साक्षीदार सावरतो : ‘हो, अंधेरीला उतरलो आणि स्लो पकडली.’ ठीक. पण मग तो जोगेश्वरीला उशिरा पोचला असणार, आणि मघाशी सांगितलेली वेळ जुळत नाही. पुन्हा थांबवा. अशी ही उलटतपासणी एकेक पदर सोलत जाते.

चुकीचा पुरावा ठेवला तर? कोपऱ्यात पाच उद्गारचिन्हं असतात. प्रत्येक चुकीला एक जातं. पाचही गेली की तुमचा अशील दोषी. खरा गुन्हेगार कोण हे तुम्हाला मनातून ठाऊक असलं तरीही. माझ्या मते हे या खेळाचं मोठेपण. ‘मला माहीत आहे’ आणि ‘मी सिद्ध करू शकतो’ यांत किती अंतर आहे, ते तो अंगठ्याला शिकवतो.

पुढे २००४ चं निन्टेन्डो डीएस आलं. दोन पडदे, एक बोटाने हाताळायचा, शिवाय माइक. त्यावर ‘ऑब्जेक्शन’ तोंडाने ओरडता येऊ लागलं. हिंदी सिनेमातले वकील बघत वाढलेल्यांना हे शिकवावं लागलं नाही. (हशा) २००७ मध्ये हॉटेल डस्क नावाचा खेळ आला, तो तर यंत्र उभं, पुस्तकासारखं धरून खेळायचा. लायब्ररीतल्या पुस्तकापासून निघालेली गोष्ट शेवटी पुस्तकाच्याच आकारात परत आली.

आपल्या उपनगरांत ही यंत्रं घरोघर नव्हती. नव्वदच्या दशकात आपल्या मुलांच्या हातात होता तो विटा रचायचा ब्रिक गेम, आणि टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम. डीएससारखं यंत्र यायचं ते आखातातल्या काकाकडून किंवा हिरा पन्नासारख्या बाजारातून. पुष्कळांनी हे खेळ पाहिले ते नंतर, संगणकावर आणि मोबाइलवर. आणि भाषा इंग्रजी. मजकुरावरच उभा असलेला खेळ मराठी माध्यमातल्या पोराला अवघड जाणारच. चिवटपणे खेळले त्यांचं इंग्रजी मात्र सुधारलं.

ज्युरीची खुर्ची

आता खेळाच्या बाहेर येऊ. पोर्टोपिया आला त्याच वर्षी, १९८३ मध्ये, जपानमध्ये साकाए मेंदा हा फाशीची शिक्षा झालेला कैदी फेरखटल्यात निर्दोष ठरला. तुरुंगात चौतीस वर्षं गेली होती. त्याचा कबुलीजबाब जबरदस्तीने घेतलेला होता. जपानी कोर्टांत उभ्या राहिलेल्या खटल्यांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक खटल्यांत शिक्षा होते, हे सर्वज्ञात आहे. फीनिक्स राइटच्या कोर्टात आरोपी जवळजवळ दोषी धरूनच खटला सुरू होतो. तिथल्या खेळणाऱ्याला ते फार परकं वाटलं नसावं. तिथली ज्युरी १९४३ मध्ये बंद झाली होती. सामान्य नागरिक न्यायाधीशांच्या शेजारी बसू लागले ते मे २००९ पासून. म्हणजे खेळात निकालाचा भार नागरिकाच्या हातात आला, त्यानंतर आठ वर्षांनी तो खऱ्या कोर्टात आला.

आपल्याकडे उलटं झालं. १९५९ मध्ये मुंबईत नानावटी खटला चालला. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष ठरवलं. बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरलेली, लोक त्यांच्या बाजूचे. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या एका खटल्याने ज्युरी संपली असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती हळूहळू गेली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. सामान्य माणूस कोर्टातून बाहेर आला. निकाल देण्याची त्याची हौस मात्र गेली नाही. ती नाक्यावर आली, आणि आता मोबाइलवर आली.

२०१० मध्ये सोनीच्या पीएसपी यंत्रावर आलेल्या दांगानरोंपा या खेळात नेमकं हेच आहे. शाळेत खून होतो, विद्यार्थी स्वतःच खटला चालवून मत देतात. बहुमत चुकलं तर खुनी सुटतो आणि बाकी सगळे मरतात. भडक खेळ आहे, मान्य. पण बहुमत म्हणजे पुरावा नव्हे, हे त्याने ठणकावून सांगितलं.

आणि जोगेश्वरी

आता मी म्हटलं होतं तिथे येतो. जानेवारी १९९३ च्या दंगलीत आपल्या इथल्या राधाबाई चाळीतलं एक घर पेटवण्यात आलं. आतली माणसं गेली. बातमी पसरली आणि शहर आणखी पेटलं. गुन्हेगार कोण हे लोकांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. दोनचार माणसं नव्हे, आख्खा एक समाज. तपास नंतर, पुरावा नंतर. खटला टाडाखाली चालला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याने चालत नसे. टाडात मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा चालत असे. टाडा न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्यांना निर्दोष सोडलं.

हिशेब मांडून बघा. ज्यांची माणसं जळाली त्यांना उत्तर मिळालं नाही. जे आत होते त्यांची वर्षं परत आली नाहीत. आणि सूड म्हणून शहरात ज्यांना मारलं, त्यांचा त्या घराशी काहीच संबंध नव्हता.

इथे खेळ आणि इतिहास वेगळे होतात. खेळात उत्तर आधीच कॅसेटमध्ये भरलेलं असतं. तुम्ही हरलात तरी ते तिथे असतं, पुन्हा सुरू करता येतं. इतिहासात तशी खात्री नाही. फाइल बंद होते आणि प्रश्न उघडाच राहतो. म्हणून या खेळांनी शिकवलेली एक गोष्ट घ्यायची, आणि एक तिथेच सोडायची. घ्यायची ती पुराव्याची शिस्त. सोडायचा तो विश्वास, की शेवटी गुन्हेगार सापडतोच. कधीकधी ‘माहीत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर असतं, आणि ते सहन करणं हे नागरिकाचं काम आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग मुलांना हे खेळ खेळू द्यावेत का?)

वय बघून द्या. दांगानरोंपा लहान मुलांसाठी नाही. एस अटर्नी जरा मोठ्या मुलांना चालेल, तेही शेजारी बसून. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी कोणाला चोर ठरवणारा मजकूर टाकला, तर मुलालाच विचारा : यावर हरकत कुठे घ्यायची, आणि पुरावा कुठला ठेवायचा? उत्तर आलं नाही, तर तो मजकूर पुढे पाठवू नका.